मामूंची गोळी आणि दहावा रोजा

गेल्या रमजानमध्ये दहाव्या रोज्याला मामूंनी मिसवाक केली आणि थुंकी लाल निघाली. हिरड्यांतून रक्त येत होते. मामूंचे वय 72. त्यांनी लगेच निकाल लावला, रक्त पातळ करणारी गोळी बंद! चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलेच होते, "चाचा, ते तर उंदीर मारायचं औषध आहे." मामींचा मला फोन आला.

टपरीवरचे खोटे नव्हते. 1920च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेत बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्याच्या अभ्यासातून पुढे वॉरफेरिन निघाले. 1948 साली ते उंदरांसाठी बाजारात आले आणि 1954 साली माणसांसाठी मंजूर झाले. सगळा खेळ मात्रेचा.

मामूंच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट. वॉरफेरिनसारखी गोळी तो जवळपास दोन तृतीयांशाने कमी करते. पण हिरडीचे रक्त डोळ्यांना दिसते, टळलेला लकवा कुणालाच दिसत नाही. म्हणून माणसे गोळी सोडतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही धरणगावहून जळगावला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटांवर गुण मोजले. 2010 पासून 'हॅस-ब्लेड' नावाची ही मोजणी वापरात आहे. वाढलेले बीपी, किडनी-लिव्हरचा बिघाड, आधीचा लकवा, आधीचा रक्तस्राव, अस्थिर आयएनआर, 65च्या पुढचे वय, दुखण्याच्या गोळ्या किंवा दारू, अशा गोष्टींना गुण. तीन किंवा जास्त झाले तर धोका मोठा.

मामूंचे तीन भरले. वयाचा एक. दुसरा दुखण्याच्या गोळीचा. तरावीहमध्ये गुडघे दुखतात म्हणून ते मेडिकलवरून आणून रोज एक घेत होते, घरात कुणाला पत्ता नाही. तिसरा आयएनआरचा. दोन ते तीनच्या मध्ये हवा, तो चारच्या पुढे गेला होता. मेथी, पालक ताटातून गेली, भजी-फळे आली. पालेभाजीतले व्हिटॅमिन के या गोळीच्या विरुद्ध काम करते, ते घटले की गोळीचा जोर वाढतो. शिवाय रक्त काढले तर रोजा तुटेल म्हणून मामूंनी तपासणी ईदनंतरवर ढकलली होती! तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, हे मौलाना साहेबांनी त्यांना नंतर समजावले.

मला वाटले होते, तीन गुण म्हणजे आता गोळी बंदच. डॉक्टर म्हणाले, "वय मी बदलू शकत नाही. बाकीचे दोन पुसू." दुखण्याची गोळी बंद झाली, रक्त पातळ करणारीची मात्रा त्यांनी बदलली, आठवड्याने पुन्हा तपासणी. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारे नाकातले रक्त किंवा डोक्याला मार लागला, तर रोजा सोडून थेट दवाखाना. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुराणातच आहे.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण त्यांचे गणित किडनीवर चालते. खान्देशच्या उन्हात दिवसभर पाणी नसले की किडनीवर ताण येतो. काही गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागतात, एक जेवणासोबतच घ्यावी लागते. सहेरी-इफ्तारची वेळ डॉक्टरांना आधी सांगायला हवी. कडक एकादशी करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

उर्दूत परहेज म्हणजे पथ्यही आणि परहेजगारी म्हणजे धर्मनिष्ठाही. मामूंना मी हे ऐकवले तर म्हणाले, "कॉलेजात शिकव."

यंदा मात्र चाँद दिसायच्या आधीच ते फाईल घेऊन जळगावला जाऊन आले. गोळी मगरिबनंतर घेतात, मेथी आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी. तरावीहला शेवटच्या सफमध्ये त्यांची खुर्ची असते.