पोहणाऱ्या मुलांच्या पाठीकडे लक्ष द्या

आमच्या वस्तीतील दहा-बारा मुले महापालिकेच्या तलावावर पोहायला जातात. कुणाचे वडील सफाई खात्यात, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. पोटाला चिमटा घेऊन फी भरली जाते. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले, हे या मुलांना तोंडपाठ आहे. रविवारी आम्हीही त्यांच्याबरोबर जातो.

त्यातली दहा वर्षांची एक मुलगी फ्रीस्टाईलमध्ये फार चपळ. एकदा तिची आई म्हणाली, "भाऊ, पोरगी हल्ली पोक काढून चालते." आम्ही ते हसण्यावारी नेले. दोन महिन्यांनी वेणी घालताना तिचा हात वर जाईना, तेव्हा खरे कळले. खांदा कधीचा दुखत होता. पण स्पर्धेतून नाव जाईल या भीतीने ती बोललीच नव्हती. चूक तिची नव्हे, आम्हा मोठ्यांची होती.

पोहण्याने सर्वांगाला व्यायाम होतो हे खरेच. पण स्पर्धेचे पोहणे म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे. साधा हिशेब करा. २५ मीटरला २० हात धरले, तर एका किलोमीटरला ८०० हात होतात, म्हणजे प्रत्येक खांद्याला ४००. यात छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू बळकट होऊन आखडतात. त्या मानाने पाठीच्या वरच्या भागाचे स्नायू मागे पडतात. मग खांदे पुढे ओढले जातात, मान पुढे येते. त्यात दप्तराचे ओझे आणि मोबाईलवर वाकून बसणे यांची भर.

याचा तोटा वेगालाही होतो. पाण्यात डोके वर धरले की कंबर आणि पाय खाली जातात व पाणी अडवते. मान पाठीच्या रेषेत आणि नजर तळाकडे हवी.

पालकांनी घरीच एक तपासणी करावी. मुलाला भिंतीला टेकून उभे करा. पाठ, कुल्ले व डोके भिंतीला लागले पाहिजे. आता दोन्ही हात सरळ वर नेऊन भिंतीला टेकवायला सांगा. हात टेकत नसतील किंवा कंबर भिंतीपासून फार सुटत असेल, तर खांदे आखडले आहेत असे समजा. खाली वाकल्यावर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

उपायाला पैसे लागत नाहीत. आठवड्यातून तीन-चार दिवस पंधरा मिनिटे पुरेत:

१. भिंतीला पाठ टेकून हात वर-खाली सरकवणे, दहा वेळा.

२. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन्ही हातांत धरून छातीसमोर ताणणे. खांद्यामागचे फरे एकमेकांजवळ आले पाहिजेत.

३. पालथे झोपून छाती व हात किंचित उचलणे.

४. कोपर व पायाची बोटे टेकून अंग फळीसारखे ताठ धरणे, वीस सेकंद.

५. दोरीउड्या. पाणी शरीराचा भार पेलते, म्हणून हाडांच्या बळकटीसाठी जमिनीवरचे धावणे-उड्या हव्यातच. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

जोडीदाराने हात मागे ओढून ताण देण्याची पद्धत मात्र बंद करा. त्याने खांद्याचा सांधा सैल पडतो. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती द्या. सरावानंतर केळे, उकडलेले अंडे किंवा गूळ-शेंगदाणे द्या.

त्या मुलीला डॉक्टरांनी काही आठवडे पाण्याबाहेर ठेवले आणि व्यायाम दिले. आता ती पुन्हा पोहते. तिच्या प्रशिक्षकांनीही सर्व मुलांना पोहण्याआधी पट्टीचा व्यायाम सुरू केला आहे.

माता-पित्यांनो, तलावावरून आलेल्या मुलाला "कितवा आलास?" असे विचारण्याआधी "कुठे दुखत तर नाही ना?" असे विचारा. दुखणे सांगितले म्हणून घरात कुणी रागावणार नाही, हा विश्वास त्याला तुम्हीच दिला पाहिजे.