बारा बाय छत्तीसचं लग्न

लग्न लागून चार महिने होतात, नवरी दिवाळसणाला माहेरी येते, तरी अल्बम आलेला नसतो. शिव्या फोटोग्राफर खातो. पण परभणीहून वसमतकडे जाताना लागणाऱ्या हट्ट्यासारख्या गावात या धंद्याचं गणित नीट पाहिलं, तर अल्बम बहुतेक वेळा अडकलेला असतो तो ज्याच्या लग्नाचा आहे त्याच्याच घरी. फोटो काढणं एका दिवसाचं काम. कुठले ठेवायचे हे ठरवायला घराला हंगाम पुरत नाही.

धंद्यात या अल्बमला 'करिझ्मा' म्हणतात आणि त्याच्या पानाला 'शीट'. सगळ्यात जास्त चालणारा आकार १२ बाय ३६, म्हणजे बारा इंच उंच आणि उघडल्यावर छत्तीस इंच रुंद. तीस-चाळीस शीटचा अल्बम दोन्ही हातांनी उचलावा लागतो. शीटा पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात, त्यामुळे पान सपाट उघडतं आणि मधल्या घडीत नवरदेवाचं नाक जात नाही. निदान जाऊ नये. डिझाइन करणाऱ्यानं मध्यरेषेवर चेहरा ठेवला, तर कितीही भारी कागद वापरा, त्या चेहऱ्यावर रेघ पडतेच. डिझाइन करणारा पुष्कळदा वेगळाच माणूस असतो. तो परभणी-नांदेडसारख्या शहरात बसून शीटमागं पैसे घेतो, आणि ज्यांची नावंही त्याला ठाऊक नाहीत त्यांची लग्नं दिवसभर फोटोशॉपमध्ये जुळवतो. तयार 'पीएसडी' त्याच्याकडे ढिगानं असतात: गुलाबाच्या पाकळ्या, राजवाड्याच्या कमानी, बर्फाचे डोंगर. ज्वारीच्या शिवारात उभ्या जोडप्याला त्यात कापून बसवलं जातं. मला हे बर्फाचे डोंगर कधी पटले नाहीत. मागचं शिवार त्याहून देखणं असतं. पण गिऱ्हाइकानं पैसे मोजलेले असतात ते शिवार सोडून दुसरं काहीतरी दिसावं म्हणूनच, हेही खरं.

अडकतं कुठं, तर 'सिलेक्शन'मध्ये. दोन दिवसांच्या कार्यक्रमाचे दोन-तीन हजार फोटो पेनड्राइव्हवर घरी जातात. चाळीस शीटांत मावतात दीडशे-दोनशे. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून घर बसतं, आणि मग चेहऱ्यांचा नाही, मानाचा हिशोब सुरू होतो. मामांचा आहेर आला, मग आत्याबाईंचा का नाही? थोरल्या चुलत्यांचा फोटो लहान आणि साडूचा अख्ख्या शीटवर? नवरी सासरी, यादी माहेरी, नवरदेव पुण्यात कंपनीत. नंबर लिहिलेला कागद तीन घरं फिरतो आणि हरवतो. दरम्यान स्टुडिओवाल्याची उरलेली रक्कम त्या कागदाला बांधलेली. तिथली साधारण रीत अशी: इसार ठरवताना, काही रक्कम लग्नाच्या दिवशी, बाकी अल्बम हाती पडल्यावर. सिलेक्शन नाही तर अल्बम नाही, अल्बम नाही तर बाकी नाही.

म्हणूनच गावातला फोटोग्राफर शहरातल्याला भारी पडतो असं मी मानतो, आणि त्याचं कारण कॅमेरा नव्हे. गावातल्याला सोयरीक कळते. मांडवात धोतर-टोपीतले वीस म्हातारे असतात. त्यातला नवरीचा आजा कोण, मोठ्या मानाचा पाहुणा कोण, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे आणि म्हणून कोणाला एका चौकटीत उभं करायचं नाही, हे त्याला न विचारता ठाऊक असतं. कॅन्डिड काढणारा पाहुणा फोटोग्राफर नवरीच्या झुमक्यावर लेन्स लावून बसतो आणि तेवढ्यात कानपिळीला आलेला नवरीचा भाऊ हातचा जातो. त्या झुमक्याचा फोटो मोबाइलवर मिरवतो खरा. अल्बम उघडल्यावर मात्र घर त्या भावाला शोधतं.

त्यात फोटोग्राफर बहुतेकदा दोन: एक नवरीकडचा, एक नवरदेवाकडचा. दोघांचे व्हिडिओवाले वेगळे. 'शुभमंगल सावधान' होऊन अंतरपाट दूर होतो त्या क्षणी चौघेही एकाच जागेसाठी खांद्याला खांदा देतात. वरून अक्षतांचा मारा, तांदूळ असोत की रंगवलेली ज्वारी. भिंगाला हुड नसेल तर काचेवर टणकन आवाज येतो. पुन्हा घ्या म्हणायची सोय नाही. हार घालताना मात्र पुन्हा घातला जातो, तिसऱ्यांदाही, आणि गुरुजी घड्याळाकडे बघत राहतात.

उजेडाचा त्रास वेगळाच. मुहूर्त भर दुपारचा, महिना वैशाखाचा. बाहेर ऊन, आत लाल-गुलाबी कापडाचा मांडव. कापडातून गाळून आलेला तो रंग प्रत्येक चेहऱ्यावर बसतो. हळदीचा कार्यक्रम तर कॅमेऱ्याला चकवणाराच. साडी पिवळी, पडदे पिवळे, अंग पिवळं. कॅमेऱ्याचा रंगतोल 'ऑटो'वर असेल तर एवढा पिवळेपणा दिव्याचाच असणार असं त्याला वाटतं. तो निळा वाढवतो आणि हळदीनं माखलेली नवरी आजारी दिसू लागते. जाणता माणूस केल्व्हिनचा आकडा हातानं बसवतो आणि पिवळ्याला पिवळं राहू देतो. वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ. तिच्या आसपासच्या गावांत हळदीचा रंग चुकला तर फोटोग्राफरची गय होणं कठीण.

रोलच्या काळात हे सगळं मोजून चालायचं. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६ फोटो, आणि स्टुडिओत यशिकासारखा खाली मान घालून बघायचा कॅमेरा असेल तर १२० च्या रोलवर बाराच. चार रोलांत लग्न उरकायचं, तर मानाचा हिशोब बटण दाबण्याआधी मनात करावा लागे. काळ्या पानांवर कोपरे लावून फोटो बसवायचे, मध्ये जाळीची नक्षी असलेला बटर पेपर. निवड फोटोग्राफरनं आधीच केलेली असायची. घराला भांडायला जागाच नव्हती. डिजिटलनं फोटो फुकट केला आणि निवड महाग.

त्याही मागं गेलं तर हा मुलूख निजामाचा. सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ चालवला, आणि १८९२ च्या सुमारास हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला. तो एका इंग्रज बाईंच्या, केनी-लेव्हिक यांच्या हाती दिला होता. बाईचा फोटो कोणी काढायचा, कोणी पाहायचा, हा प्रश्न धंद्याच्या पायाशी तेव्हापासून आहे. खेड्यातल्या स्टुडिओची रोजची भाकरी पुढं कितीतरी वर्षं निघाली ती 'दाखवायच्या' फोटोवर: रंगवलेला पडदा, कुंडी, साडी नेसून अवघडून उभी मुलगी, बाहेर बसलेले वडील. आता मुलगी स्वतः मोबाइलवर दहा काढते आणि बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. पोर्ट्रेटचा धंदा तिथं बसला. स्टुडिओत उरलं ते पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रं, झेरॉक्स, लॅमिनेशन. आणि म्हाताऱ्या माणसाचा भिंतीवरचा फोटो. या शेवटच्या कामासाठी मूळ प्रत बहुधा एखाद्या लग्नाच्या अल्बममधूनच कापून काढली जाते. आज्यानं आयुष्यात एकदाच सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलेलं असतं, ते नातीच्या लग्नात.

बुडालेलं एकीकडे, दुसरीकडे प्री-वेडिंग उगवलं. त्यासाठी लोक किल्ले आणि रिसॉर्ट धुंडाळतात, आणि हट्ट्याची जुनी दगडी बारव जवळ असून आठवत नाही. बारवेत फोटो काढणं मात्र सोपं नाही: दुपारी एका बाजूच्या पायऱ्या उन्हानं पांढऱ्याफटक आणि समोरची बाजू काळोखी. सकाळी लवकर, सगळी विहीर सावलीत असताना काम उरकावं. तिथं ओला दगड निसरडा असतो. नऊवारीच्या सोग्यापेक्षा पायांची काळजी आधी.

एका बाबतीत या धंद्यानं स्वतःचे डोळे उघडे ठेवायला हवेत. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर मराठवाड्यात प्रशासन पत्रिका छापणारे, मांडववाले, फोटोग्राफर यांना बजावतं की नवरीचं वय बघा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलीला १८, मुलाला २१. याहून कमी वयात विवाह लावणारा किंवा त्याला साहाय्य करणारा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाला पात्र. भिंगातून नवरीचा चेहरा सगळ्यांत जवळून फोटोग्राफरच बघतो. इसार घेताना दोघांच्या जन्मतारखेचा कागद मागणं हे त्याला अवघड जातं, कारण ऑर्डर पुढच्या दुकानात जाते. तरी मागावा.

सरकारला अल्बमशी घेणं नाही. १९९८ च्या राज्य कायद्यानुसार विवाह नोंदवताना तीन साक्षीदार लागतात, आणि सोबत पत्रिका नि लग्नाचा एक फोटो. गळ्यात हार, दोघांचे चेहरे स्पष्ट, बस्स. शहाणा स्टुडिओवाला हा चार बाय सहाचा फोटो दुसऱ्याच दिवशी काढून देतो. तेवढ्यानं सिलेक्शनच्या भांडणातून नोंदणी सुटते.

फोटो कोणाचा, हाही वाद अधूनमधून होतो. 'सगळा डेटा द्या' असं घर म्हणतं. 'बाकी द्या' असं स्टुडिओ म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ इथं घराच्या बाजूनं आहे: मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. करार मात्र लिहिला जात नाही. पावतीच्या मागं तारीख, शीटांची संख्या आणि इसाराचा आकडा, एवढाच दस्तऐवज. त्यात दोन ओळी वाढवायला हरकत नाही: सिलेक्शन किती दिवसांत द्यायचं, आणि अल्बम दिल्यावर डेटा किती महिने सांभाळला जाईल. हार्ड डिस्क बसली तर कोण भरून देणार, हेही. तोवर फोटोग्राफर आपली वही उघडून बसतो. त्यात काही नावांपुढं तारीख नसते, नुसतं लिहिलेलं असतं: हळद विकल्यावर.