दुरून मिळणारा उपचार आणि घरातले मौन

आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे पुष्कळांस वाटेल. तो बोलावयास हवा, असे आम्हांस वाटते त्याचे कारणही हेच.

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा भरली बादली उचलताना कित्येक स्त्रियांना लघवी नकळत सुटते. मग एस्. टी.चा लांबचा प्रवास टळतो, देवळातली रांग नको वाटते, लग्नघरी पाण्याचा घोटही जपून घेतला जातो. ‘बाळंतपणे झाली, वय झाले, आता असे व्हायचेच’ अशी मनाची समजूत घालून वर्षानुवर्षे काढली जातात. नवऱ्यालाही ते ठाऊक नसते, मग डॉक्टरांना कोठून कळणार?

वस्तुतः हा दोष बहुधा सुधारता येण्याजोगा आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते; मूत्राशयाला तिचा आधार असतो. बाळंतपण, वाढते वय, स्थूलता व जुनाट खोकला यांनी ती सैल पडते. १९४८ साली अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी या स्नायूंचा व्यायाम पुढे मांडला. लघवी किंवा वारा अडवताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळून काही सेकंद धरावयाचे, मग तितकाच वेळ सैल सोडावयाचे. श्वास रोखू नये, पोट ताणू नये. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीन वेळा, आणि असे किमान तीन महिने! औषध फुकटचे, पण चिकाटी महाग.

ही चिकाटी दुरून पुरवता येईल काय, हे स्वीडनमधील उमेओ विद्यापीठातील संशोधकांनी तपासून पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २५० स्त्रियांपैकी काहींना इंटरनेटवरून, तर काहींना साध्या टपालाने व्यायामाचा पाठ दिला. दोन्हींकडे सुधारणा दिसली. पुढे मोबाइलवरील ‘टेट’ नावाचे अ‍ॅप १२३ स्त्रियांच्या प्रयोगात पारखले गेले. २०१७ च्या त्या अहवालानुसार, तीन महिन्यांनी अ‍ॅप वापरणाऱ्यांचा त्रास इतरांहून स्पष्टपणे कमी झाला होता. या स्त्रियांना कोणासमोर जाऊन बसावे लागले नव्हते. प्रश्नावली, नोंदवही आणि दूरध्वनी एवढ्यावर काम भागले. एरवी अंतर ही उपचारातली अडचण; येथे तेच लाजेवरचा पडदा ठरले.

तथापि यंत्र म्हणजे वैद्य नव्हे. लघवीत रक्त, जळजळ, ताप, वेदना, अंग बाहेर येणे किंवा पायांत बधिरपणा असेल तर प्रत्यक्ष तपासणीच हवी. घाई लागून वाटेतच लघवी होणे हा प्रकार निराळा. त्यात मूत्राशय अवेळी आकसते, म्हणून दोन वेळांतील अंतर हळूहळू वाढवण्याची सवयही लावावी लागते.

आपल्या देशात ‘ई-संजीवनी’ ही दूरसल्ल्याची सरकारी सेवा २०१९ साली सुरू झाली. तेव्हा साधन अगदीच अपरिचित नाही. अडचण आहे ती घरात. अनेक घरांत फोन एकच, तोही मुलाच्या किंवा यजमानांच्या हाती. जी गोष्ट आई बोलत नाही, ती तिने त्यांच्यासमोर फोनवर कशी विचारावी? म्हणून पुरुष श्रोत्यांस आमची विनंती एवढीच, की आज घरी गेल्यावर फोन तिच्या हाती द्यावा आणि काय पाहिलेस, हे विचारू नये.