तुपाच्या धारेचे पॉइंट

पोळ्याला सावरगावात पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्ण्याशी गोटमार, म्हणजे दोन गावांमधली दगडफेक. पुरणपोळीवर तुपाची धार सोडताना कॅलरी कोण मोजतो? ही किचकट मोजणी सोपी करायलाच पॉइंटची पद्धत आली. न्यूयॉर्कच्या जीन निडेच यांनी १९६३ साली सुरू केलेल्या ‘वेट वॉचर्स’ या वजन उतरवण्याच्या कार्यक्रमाने ती १९९७ मध्ये अमेरिकेत आणली.

मूळ हिशेब असा: कॅलरींना ५० ने भागा, स्निग्धांशाच्या ग्रॅमना १२ ने, दोन्हींची बेरीज करून तंतुमय भागाचा पाचवा हिस्सा वजा करा (तंतू ४ ग्रॅमपर्यंतच धरायचे). चमचाभर, म्हणजे १४ ग्रॅम तूप साडेतीन पॉइंट खातं! सावरगावच्या बागेतलं अख्खं संत्रं जेमतेम एक. पुढे २०१० च्या सुधारणेत बहुतेक फळं चक्क शून्यावर आली, रस मात्र मोजणीत राहिला. कारण संत्री पिळली की तंतू चोथ्यात जातात आणि तीन-चार फळांची साखर दोन घोटांत पोटात. शून्य म्हणजे कॅलरी नाहीत असं नव्हे. अख्ख्या फळानं पोट लवकर भरतं, म्हणून सूट.

वजन, उंची, वयावरून रोजचा कोटा ठरतो. तो तुपावर उधळायचा की भाकरीवर, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सणासाठी आठवड्याची शिल्लकही असते. पोळ्याला ती पुरेल का, मला शंकाच आहे.