मत्स्यपेटीतील वनस्पतींवरील शेवाळ : कारणे व उपाय

घरातील मत्स्यपेटीत लावलेल्या जलवनस्पती पहिले काही आठवडे टवटवीत दिसतात. पुढे पानांवर हिरवा किंवा तपकिरी थर चढतो, कडांना तंतू लोंबू लागतात आणि अखेर पाने पिवळी पडून कुजतात. हा वनस्पतीचा रोग नव्हे; ही शेवाळाची वाढ होय. शेवाळ पानाला मिळणारा प्रकाश अडविते व त्यामुळे पानाची उपासमार होते.

पीक विरळ असले म्हणजे शेतात तण माजते. येथेही तसेच घडते. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून पाण्यात नत्र व स्फुरद साठतात. त्यात पेटीवर ऊन पडत असेल, किंवा दिवा रात्री उशिरापर्यंत चालू राहत असेल, तर शेवाळाला आयतेच खतपाणी मिळते. म्हणून शेवाळ खरवडून काढणे हा अर्धाच उपाय होय. मूळ कारण कायम राहिल्यास ते पुन्हा वाढते.

प्रथम प्रकाश आवरावा. पेटी उन्हापासून दूर ठेवावी व दिवा दररोज 6 ते 8 तासच लावावा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवितील एवढेच खाद्य घालावे. आठवड्यातून एकदा तळाचा गाळ नळीने ओढून घेऊन सुमारे एक-चतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशांना घातक असल्याने ते क्लोरिननाशक द्रव्य मिसळूनच वापरावे. आपल्याकडील तळ्यांतही आढळणाऱ्या वॅलिस्नेरिया व हायड्रिला या वनस्पती झपाट्याने वाढतात. त्या दाट लावल्यास पाण्यातील पोषकद्रव्ये शोषून घेतात व शेवाळ दबते.

फार खराब झालेली पाने देठापासून कापून टाकावीत. तंतुमय शेवाळ काडीवर गुंडाळून काढावे. नव्या पेटीतील तपकिरी थर बोटाने सहज पुसला जातो व बहुधा कालांतराने आपोआप कमी होतो. निळसर-हिरवा, चिकट व उग्र वासाचा थर मात्र वस्तुतः जीवाणूंचा असतो. तो नळीने ओढून काढावा, पेटी 3 दिवस कापडाने झाकून अंधारात ठेवावी आणि नंतर पाणी बदलावे. या काळात हवेचा पंप अखंड चालू ठेवणे अगत्याचे आहे.

द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद शेवाळही मारते. परंतु तो मत्स्यपेटीत कदापि टाकू नये. त्यातील तांबे मासे, गोगलगाई व कोळंबी यांना विषारी आहे. शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवून टाकते व मासे गुदमरतात.

शेवाळ खाण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आणण्याचा मोहही टाळावा. तो फुटाहून मोठा होतो. पेटीत मावेनासा झाल्यावर सोडून दिलेले हे मासे भारतातील नद्या-तलावांत पसरले असून त्यांच्या काटेरी अंगामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. पेटीतील कोणताही मासा वा वनस्पती ओढ्यात किंवा शेततळ्यात टाकू नये.

उपाय सुरू केल्यावर काही आठवडे धीर धरावा. जुने पान सुधारत नाही. नवे पान स्वच्छ निघाले म्हणजे उपाय लागू पडला असे समजावे.