पडल्यानंतर पुन्हा गाडीवर बसताना

आज पाहुणं कोणी नाही, मी एकटीच आहे. मागच्या एका भागात मी गाडीवरून पडल्याचं ओघात बोलून गेले. त्यानंतर एकच प्रश्न सारखा येतोय, "ताई, पडल्यावर परत गाडी चालवायला लागलीस कशी?" तर आज तेच.

झालं असं. जुलै महिना, ताम्हिणी घाट, मागे माझा धाकटा भाऊ. एका वळणावर रस्त्यात खडी दिसली. मी दचकले आणि पुढचा ब्रेक कचकन दाबला. गाडी आडवी! माझं कॉलरबोन मोडलं, त्याचं मनगट.

पुढचे दोन महिने भेटेल त्याला मी एकच सांगायचे, "अहो, खडी होती!" खडी होतीच. पण त्या वळणाच्या मानाने माझा वेगही जास्त होता. हे स्वतःशी कबूल केलं, तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं. खडी माझ्या हातात नाही, वेग आहे.

आता नेमकं चुकलं काय? टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. वळायला त्यातले पैसे लागतात, ब्रेक मारायलाही त्यातलेच. वळणात गाडी कललेली असताना बराचसा पगार आधीच संपलेला असतो. त्यात पाऊस आणि खडी म्हणजे पगारकपात. आणि तेव्हाच मी मोठा खर्च काढला. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. रस्त्यावर नसलेली पकड ते कुठून आणणार?

दुसरी चूक नजरेची. मी खडीकडेच बघत राहिले. नजर जाते तिकडे गाडी जाते. बघायचं ते जिथून सुटायचंय तिकडे.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी थेट रस्त्यावर गेले नाही. आधी गाडी मेकॅनिककडे, हँडल आणि पुढचे शॉकअप सरळ आहेत का बघायला. हेल्मेट नवं. जुनं वरून ठीक दिसत होतं, पण आतलं थर्माकोल एकदा दबलं की पुन्हा तसा धक्का झेलत नाही. मग रिकाम्या मैदानात ब्रेकचा सराव, ताशी २० ने, मग ३० ने, मग ४० ने. सरळ गाडीवर, दोन्ही ब्रेक, आधी हलके आणि मग दाब वाढवत. पहिल्या दिवशी हात इतके थरथरत होते की दहा मिनिटांत घरी आले. चालतं. दुसऱ्या दिवशी परत गेले.

एक हिशोब पाठच करून ठेवा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला साधारण २० मीटर लागतात. वेग दुप्पट केला की ब्रेक मारल्यानंतरचं हे अंतर चौपट होतं, दुप्पट नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. हा आकडा घाबरवायला सांगत नाहीये. धोका शून्य होणार नाही, आपण फक्त आपल्या वाटचा कमी करू शकतो. म्हणून माझे नियम ठरलेत: पहिल्या पावसात घाट नाही, झोप अपुरी असेल तर गाडी नाही, आणि ग्रुपमधल्या कुणाचा वेग गाठायचा नाही.

राहिला भाऊ. परवा म्हणाला, "ताई, बसू का मागे?" माझ्या घशाशी आलं. मागे बसणाऱ्याच्या हातात ब्रेक नसतो हो, तो सगळा भरवसा आपल्यावर टाकून बसतो. मी म्हटलं, "अजून थोडे दिवस थांब." तो हसला. त्याने हेल्मेट मात्र आणून ठेवलंय.

तुम्ही पडला असाल आणि परत बसायची घाई नसेल, तर नका करू. आणि कधीच बसावंसं वाटलं नाही, तर त्यातही कमीपणा नाही. भेटू पुढच्या भागात. हेल्मेटचा पट्टा लावा बरं का, नुसतं डोक्यावर ठेवू नका!