फोटो हॉलमध्येच हातात : बिनतारी कॅमेऱ्याचा धंदा आणि त्यातली अमानत

लग्नसराईत फोटोचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांची एक जुनी तक्रार आहे. काम होते, पण पैसा अडकतो. बयाना मिळतो, निकाह आणि वलीमा पार पडतात आणि उरलेली रक्कम अल्बमच्या भरवशावर राहते. अल्बम तयार होऊन दुकानात महिनोन्‌महिने पडून असतो. पूर्वी गिऱ्हाईक निदान फोटो पाहण्याच्या ओढीने तरी येत असे. आता पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो दुसऱ्या दिवशी साऱ्या नातेवाइकांकडे पोहोचलेले असतात. अल्बमची घाई कोणालाच नसते.

यावर एक चांगला उपाय आहे. काढलेला फोटो तारेविना कॅमेऱ्यातून हॉलमधल्या संगणकावर घ्यायचा, तिथेच छापायचा आणि दस्तरखान उठण्यापूर्वी पाहुण्याच्या हातात द्यायचा. माल त्याच दिवशी दिला की पैसाही त्याच दिवशी मागता येतो. शाळांची स्नेहसंमेलने, दुकानांची उद्घाटने, बक्षीस समारंभ अशा कार्यक्रमांनाही हे काम लागू पडते.

तंत्र जुनेच, आता आवाक्यात

निकॉन कंपनीने २००३ साली आपल्या डी२एच कॅमेऱ्यासाठी फोटो पाठवणारे बिनतारी यंत्र आणले. ते मुख्यतः वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी होते. २००७ साली आय-फाय कंपनीचे वायफाय असलेले मेमरी कार्ड बाजारात आले. २०१२ साली कॅननच्या ६डी कॅमेऱ्यात वायफाय आतच बसवलेले होते. आज मध्यम किमतीच्या बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत ही सोय असते.

आय-फायच्या कार्डाचा पुढचा इतिहास धंदेवाल्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या कार्डांची जुळणी कंपनीच्या इंटरनेट सेवेवर अवलंबून होती. २०१६ साली कंपनीने जुन्या कार्डांची सेवा बंद केली आणि लोकांकडची चालू कार्डे अडचणीत आली. म्हणून कॅमेरा घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : कंपनीच्या सेवेशिवाय हा कॅमेरा थेट आपल्या संगणकाला फोटो पाठवू शकतो का? कॅमेऱ्यात एफटीपीची सोय असेल तर उत्तर होकारार्थी आहे.

मांडणी कशी करावी

पुष्कळांची समजूत असते की यासाठी इंटरनेट लागते. तसे नाही. आपला स्वतःचा एक छोटा राउटर पुरेसा आहे. कॅमेरा राउटरला जोडायचा, राउटर लॅपटॉपला, आणि लॅपटॉपला छपाईयंत्र. लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हरचा प्रोग्राम ठेवावा. फाइलझिलाचा सर्व्हर मोफत मिळतो. लॅपटॉपचा नेटवर्क पत्ता कायमचा ठरवून ठेवावा आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रामला परवानगी द्यावी. घरी सुरळीत चाललेले काम हॉलमध्ये अडते ते बहुधा याच दोन गोष्टींमुळे.

राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये मात्र तारच वापरावी. म्हणजे हवेतून एकच प्रवास होतो आणि वेळ वाचतो. राउटर टेबलाखाली न ठेवता स्टँडवर, माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवावा. माणसाच्या शरीरात पाणी पुष्कळ असते आणि ते या लहरी शोषून घेते. रिकाम्या हॉलमध्ये केलेली चाचणी त्यामुळे भरलेल्या हॉलमध्ये फसते. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा. कॅमेरा ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर गर्दी कमी मिळते, पण पल्लाही कमी होतो.

वायफायने कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते, तेव्हा जादा बॅटऱ्या जवळ असाव्यात. वीज गेली तर राउटर आणि छपाईयंत्र बंद पडते, म्हणून यूपीएस हवाच.

वेगाचा हिशेब

२४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात मोठ्या जेपेग फोटोची फाइल साधारण १० मेगाबाइटची असते, रॉ फाइल २५ ते ३० मेगाबाइटची. गर्दीच्या हॉलमध्ये सेकंदाला २ मेगाबाइट वेग मिळाला असे धरले, तर जेपेगला ५ सेकंद आणि रॉला १२ ते १५ सेकंद लागतील. परंतु ४ बाय ६ इंचाच्या उत्तम प्रिंटला १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सल पुरतात. कॅमेऱ्यातला छोटा जेपेगसुद्धा यापेक्षा मोठा असतो. म्हणून रॉ फाइल कार्डावर राहू द्यावी आणि संगणकाकडे छोटा जेपेग पाठवावा. तो एक-दीड सेकंदात पोहोचतो.

खरी रांग लागते ती छपाईयंत्रापाशी. डाय-सब्लिमेशन यंत्राला एका प्रिंटला सुमारे १५ सेकंद लागतात असे धरले, तर मिनिटाला चार प्रिंट निघतील. मग प्रत्येक फोटो पाठवण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्यावर पाहून निवडलेलाच फोटो पाठवावा.

या यंत्रात फोटो कोणताही असो, दर प्रिंटला रिबन आणि कागद ठरलेला जातो. त्यामुळे खर्च आधी मोजता येतो. सौदा करतानाच प्रिंटची संख्या ठरवून लिहून घ्यावी आणि वरच्या प्रिंटचा दर वेगळा सांगावा. "पाहिजे तेवढे काढा" असा सौदा करणारा नफा रिबनमध्ये घालवतो. यंत्रासाठी व्याजाचे कर्ज काढू नये. पहिली काही कामे भाड्याच्या यंत्रावर करावीत किंवा दोघा-तिघांनी शिरकतीत यंत्र घ्यावे.

पडद्यापलीकडे जाणाऱ्या लहरी

छायाचित्रणाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या चर्चेत आम्ही येथे शिरत नाही. जे बांधव हा व्यवसाय करतात, त्यांच्यावर येणाऱ्या जबाबदारीबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे.

आपल्या समाजात मर्दाना आणि जनाना वेगळा असतो. अनेक कुटुंबे जनान्यासाठी महिला फोटोग्राफर बोलावतात. आपल्या मुलींसाठी हा इज्जतीचा रोजगार आहे. परंतु मधला पडदा कापडाचा असतो आणि वायफायच्या लहरी त्यातून सहज जातात. जनान्यातला कॅमेरा मर्दान्यातल्या लॅपटॉपला जोडला गेला, तर आत काढलेला फोटो बाहेरच्या स्क्रीनवर उमटतो. बाहेर मोठा पडदा लावला असेल, तर क्षणात शंभर लोक तो पाहतात. घराण्याची नाराजी ओढवते आणि फोटोग्राफरचे नाव कायमचे जाते.

म्हणून जनान्यासाठी राउटर, लॅपटॉप आणि छपाईयंत्र वेगळे असावे, नाव व पासवर्ड वेगळा असावा आणि ते बाईनेच हाताळावे. एवढे साहित्य नसेल, तर जनान्यातल्या कॅमेऱ्याचे वायफाय बंद ठेवून तारेने किंवा कार्डाने काम करावे. थोडा उशीर झालेला परवडतो.

हॉलचे फुकट वायफाय कामासाठी कधीच वापरू नये. साध्या एफटीपीत फोटो आणि पासवर्ड दोन्ही उघडे जातात. आपल्या राउटरला डब्ल्यूपीए२ किंवा त्याहून नवे कुलूप आणि लांब पासवर्ड असावा. काम संपल्यावर दोन प्रती घरी नीट उतरल्याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नये. खात्री झाली की भाड्याच्या किंवा उसन्या लॅपटॉपवरचे फोटो आठवणीने काढून टाकावेत. कुटुंबाच्या परवानगीशिवाय एकही फोटो दुकानाच्या जाहिरातीत लावू नये. फोटो किती दिवस ठेवणार आणि कोणाला देणार, हे पावतीवरच छापावे. असा लेखी शब्द देणाऱ्यावर गिऱ्हाईक जास्त विश्वास ठेवते.

यंत्रे आज कोणालाही विकत मिळतात, पण दुसऱ्याच्या घरची अब्रू सांभाळणारा फोटोग्राफर शोधावा लागतो. आमच्या कारागिरांनी हे तंत्र शिकावे, मेहनतीचा दाम त्याच दिवशी घ्यावा आणि अमानतीत खोट येऊ देऊ नये. इन्शाअल्लाह, अशा रोजीत बरकत होईल.